गाडी कलली की हात सोड

अमळनेर,
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

चि. हर्षदा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले बोलणे अर्ध्यावर तुटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोनवर मी एक बोलते, त्यावर तू दोन बोलतेस, मग माझा आवाज चढतो आणि नाना माझ्या हातातून फोन काढून घेतात. कागदावर निदान माझे म्हणणे शेवटपर्यंत जाईल. तू मोटारसायकल घेऊ नयेस असे माझे म्हणणे नाही, हे आधीच लिहून ठेवते. कृषी खात्याची नोकरी आणि तीही धडगावच्या बाजूची गावे. तिथे एसटीच्या वेळा पाहत बसलीस तर शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचेपर्यंत दुपार होईल, एवढे मलाही कळते. माझी सारी नोकरी उपकेंद्रांच्या वाटेवर गेली आहे.

शहाद्याच्या पेट्रोल पंपावर विजूदादाची गाडी तुझ्या हातून पडली, ही बातमी मला जिभाऊंकडून कळली. गाडी पडल्याचा मला राग नाही. शिकणाऱ्याच्या हातून गाडी पडतेच. पण लागले का, असे मी विचारल्यावर तू म्हणालीस, "गाडीला काही झाले नाही, नुसता आरसा फुटला." मी तुझ्याविषयी विचारत होते. नंतर भूषणकडून समजले की कललेली गाडी तू शेवटपर्यंत धरून ठेवलीस, तिच्यासोबत खाली गेलीस आणि घोटा मुरगळून घेतलास. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढेच घोळत आहे. गाडी कलली की हात सोड, पाय बाहेर काढ आणि मागे हो. गाडी पडू दे.

सरळ उभी असलेली गाडी दोन बोटांनी तोलता येते, म्हणून ती आपल्याला पेलते असे वाटत राहते. ती थोडी कलली तरी हात अजून सावरू शकतात. त्यापुढे गेली की तिचे सगळे वजन एका बाजूला येते आणि मग पैलवानालाही ती धरवत नाही. विजूदादाची ती क्लासिक ३५० पेट्रोल-ऑइलसह सुमारे १९५ किलोची आहे. तू जेमतेम पन्नास किलोची. त्या ओझ्याशी तुझ्या घोट्याने का म्हणून झुंजावे? आरसा बाजारात मिळतो, क्लचची दांडी मिळते, वाकलेले पायदान गॅरेजवाला सरळ करून देतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना दुचाकीवरून पडलेले किती लोक माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसले, याची मोजदाद मी ठेवली नाही. पण त्यांची दुखणी ठराविक असत. हात टेकून पडलेल्याचे मनगट गेलेले असे. उजव्या बाजूला पडून गाडीखाली अडकलेल्याची पोटरी सायलेन्सरने भाजलेली असे आणि ती जखम भरायला किती दिवस घेते हे तू माझ्यासोबत केंद्रावर येत होतीस तेव्हा पाहिले आहेस. ओढणी मागच्या चाकात गेलेल्या मुलीही आल्या. बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असे, "बाई, गाडी जवळपास उभीच होती हो." वेगात पडण्याची भीती सगळ्यांना असते, म्हणून वेगात सगळे सावध असतात, नवशिक्याची गाडी बहुधा थांबताना, वळवताना, ढकलताना, नाहीतर स्टँडवर लावताना पडते.

पंपावर काय झाले असेल ते भूषणने सांगितल्यावरून मला उमगले. रांगेत वळताना हँडल डावीकडे पूर्ण वळलेले होते आणि पुढची गाडी थांबली म्हणून तू पुढचा ब्रेक दाबलास. हँडल सरळ असताना तोच ब्रेक गाडीला जागच्या जागी थांबवतो, पण वळलेल्या हँडलवर दाबला की सगळा भार वळणाच्या आतल्या बाजूला झुकतो आणि अशा मंद चालीत गाडीला स्वतःचा तोल सावरायला गती उरलेली नसते. त्यात पंपासमोरच्या डांबरावर तेल सांडलेले असते. टेकवलेला पाय सरकला की संपले. चालण्याच्या वेगात वळायचे असेल तेव्हा मागचा ब्रेक हलका दाबून ठेव आणि क्लच पूर्ण ओढू नकोस, हाफ क्लचवर इंजिनाचा जोर चाकाला मिळत राहू दे. नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचे तिथे असावी. थांबायचे झाल्यास आधी हँडल सरळ कर आणि मग थांब. सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, हे भूषणने मला मोठ्या उत्साहाने समजावले. ते चांगलेच आहे, पण ते चाक लॉक होऊ देत नाही एवढेच. उभ्या-उभ्या कलणाऱ्या गाडीला कोणतेही यंत्र सावरत नाही.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट आहे. आता सगळीकडे मका निघाला आहे आणि लोक डांबरी रस्त्याच्या कडेला, कुठे कुठे अर्ध्या रस्त्यावर, दाणे वाळत घालतात. त्या दाण्यांवर ब्रेक लावू नकोस आणि पायही टेकवू नकोस. आधीच वेग कमी करून सरळ निघून जा. उसाच्या ट्रॉल्याही सुरू झाल्या आहेत. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत खोलीवर येत जा. काळ्या मातीत साईड स्टँड रुतते आणि तू पाठ फिरवलीस की गाडी आडवी होते. एक चपटी फरशी डिकीत ठेव आणि स्टँडखाली सरकव. उतारावर गाडी नेहमी गिअरमध्ये टाकून लाव. चांदसैली घाट मात्र पक्के लायसन्स मिळेपर्यंत नको. तो उतरायची वेळ येईल तेव्हा न्यूट्रलवर सोडू नकोस, दुसऱ्या गिअरवर इंजिनालाच वेग धरून ठेवू दे.

हे सगळे वाचून तू कपाळाला आठ्या घालशील, मला इथून दिसते. आई पुन्हा शाळा घेऊ लागली. खरे आहे, माफ कर. निवृत्त झाल्यापासून मला समजावून सांगायला माणसे उरलेली नाहीत आणि त्याचा भार तुम्हा दोघांवर पडतो. पण हर्षदा, तुझी ही खोड आजची नाही. प्रताप कॉलेजच्या मैदानावर तू सायकल शिकत होतीस तेव्हा एकदा जोरात पडलीस. मी धावत आले तो तुझे ढोपर सोलून रक्त मोज्यापर्यंत आले होते, आणि तू खाली बसून उतरलेली चेन दातांवर चढवत होतीस. ग्रीस आणि रक्त एकाच हाताला. मला पाहून म्हणालीस, "आई, सायकल मोडली नाही ना?" त्या संध्याकाळी मी मोठ्या कौतुकाने ही गोष्ट सगळ्या गल्लीला सांगितली होती. आता मात्र तीच आठवली की धडधडते.

नानांच्या उजव्या पायाविषयी त्यांनी तुला कधी नीट सांगितलेले नाही आणि मीही सांगणार नाही. एवढेच की राजदूत अंगणात चढवताना ओट्याच्या उतारावर कलली, त्यांनी ती सोडली नाही, आणि आज थंडी पडली की ते घोट्याला पट्टी बांधून बसतात. राजदूतला त्या दिवशी ओरखडाही आला नव्हता.

आता गाडीविषयी. तुला घाटामुळे एक्सपल्स हवी आहे. गाडी दणकट आहे, दगडगोट्यांच्या वाटेवर चालते, हे मी मान्य करते. पण तिची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आहे आणि वजन दीडशे किलोच्या पुढे. पाच फूट दोन इंचांच्या माणसाचा तिच्यावर एकेका बाजूला चवडाच टेकतो, आणि तुझ्या त्या वाटांवर नेमका ज्या बाजूला पाय टाकावा तिथे खळगा असतो. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर आणि वजन ११२ किलो आहे, तर शाईन १०० जवळपास तेवढ्याच उंचीची आणि ९९ किलोची. आकडे मी शोरूमच्या कागदावरून उतरून घेतले आहेत. शंभर सीसीची गाडी घाटात रडते असे तुझे म्हणणे आहे. ती चढावर सावकाश जाईल, पण जाईल. धडगाव-मोलगीकडचे कितीतरी शिक्षक आणि आरोग्य सेवक अशाच गाड्यांवर वर्षानुवर्षे फिरत आहेत. जोर हवाच असेल तर सव्वाशे सीसीपर्यंत पाहा, त्यापुढे दोन वर्षांनी जा. शोरूममध्ये बूट घालून गाडीवर बस, दोन्ही टाचा टेकतात का पाहा, मग खाली उतरून ती एकटीने मागे ढकलून पाहा. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी त्याच्यावर मांड टाकून पाहतो आणि मग रंगाची चौकशी करतो. तूही रंग शेवटी बघ.

माझ्या मते पहिली गाडी जुनीच घ्यावी, कारण ती पडणार आहे. नव्या गाडीचा पत्रा वाचवण्यासाठी तू पुन्हा हात सोडणार नाहीस, ही माझी खरी भीती आहे. जुनी घेताना आरसी बुकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा, विमा चालू आहे का पाहा, पुढचे शॉकॲब तेलाने ओले नाहीत ना आणि हँडल वळवताना कोनसेट, म्हणजे हँडलखालचे बेअरिंग, अडखळत नाही ना ते तपास, आणि गाडी नावावर करण्याच्या २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. लेगगार्ड मात्र पहिल्याच दिवशी बसवून घे. गाडी आडवी झाली की तीच लोखंडी नळी जमिनीला टेकते आणि पायाला जागा राहते. दुकानदार साधे दाखवेल. तू जाड नळीचे माग.

पडलेली गाडी उचलण्याची रीतही लिहून ठेवते. आधी चावी बंद कर, पेट्रोल गळत असेल तर दूर हो. माणसे धावून येतील तर त्यांना हात लावू दे, त्यात कमीपणा नाही. एकटीच असशील तर गाडी गिअरमध्ये आहे का पाहा, उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेव, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे कोसळणार नाही. मग गाडीकडे पाठ कर, कंबर सीटच्या कडेला टेकव, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धर आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान लहान पावले मागे टाकत जा. रुग्ण उचलताना कंबरेतून वाकायचे नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते, ते इथेही लागू आहे. पण उचलण्याची घाई नको. आधी स्वतःला चाचपून पाहा. वाहतूक अंगावर येत नसेल तर गाडी पाच मिनिटे आडवी राहिली म्हणून तिचे काही बिघडत नाही.

हेल्मेटविषयी मी फार लिहीत नाही, कायदा १९८८ पासूनच आहे. आयएसआयची खूण पाहा, आयएस ४१५१ हा आकडा पाहा आणि हनुवटीखालचा पट्टा रोज लाव. मैदानावर शिकतानाही लाव, कारण उभी गाडी पडली तरी डोके दगडावर आपटायचे ते आपटतेच. घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे माझ्याकडून.

तुझी नेमणूक झाली त्या दिवशी मी तुला नुसते "बरे झाले" म्हणाले होते. तुला वाटले असेल, आईला काही वाटलेच नाही. तुझा फोन ठेवल्यावर मी मोठ्या आईंच्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत पेढे वाटत गेले आणि प्रत्येक दारात सांगितले की माझी मुलगी सातपुड्यात शेतकऱ्यांना शेती सांगायला जाणार आहे. मी उपकेंद्रांवर लुनावर जात असे तेव्हा लोक ओट्यावरून वळून पाहत. तू गिअरची गाडी घेऊन घाट चढशील, याचा मला इतका अभिमान आहे की तो बोलताना तोंडातून काळजीच बाहेर येते. म्हणून रविवारी तसे झाले.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा सुरू होते. नाना, जिभाऊ आणि मी दोंडाईच्यावरून येणार आहोत, तूही शहाद्याहून ये. दर्शन झाले की दुपारी शहाद्यात जिभाऊंच्या ओळखीच्या मेकॅनिककडे दोन जुन्या गाड्या पाहायच्या आहेत. माझ्या आरडीची मुदत याच महिन्यात संपते आहे. पैसे कमी पडले तर त्यातून भर घालू. भूषणने विचारले तर काही बोलू नकोस, त्याचे लॅपटॉपचे तुणतुणे अजून चालू आहे. भरितासाठी वांगी सोबत आणते, भाकरी मात्र तिकडेच कराव्या लागतील.

तुझी,
आई

ता. क. - घोट्यावर आता शेक नको, पाय उशीवर उंच ठेव आणि पट्टी सैलसर बांध. आधाराशिवाय चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर उद्याच एक्स-रे काढून घे. त्याचा फोटो भूषणला न पाठवता थेट मला पाठव.