सूचना : काजूची जमीन कृषी विद्यापीठाला देण्याबाबत सभा

सर्व सभासदांस नमस्कार,

काकूंनी ट्रस्टला दिलेली खालच्या वाडीतली जमीन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला संशोधनासाठी द्यायची आहे. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता जमिनीवरच, मांगराजवळ (शेतातल्या खोपटाजवळ) सभा आहे.

ठराव झाला की जमीन गेली, असे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. मग दोन साक्षीदारांसह नोंदणीकृत बक्षीसपत्र, आणि शेवटी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याची नोंद. तेव्हा ‘एवढा वेळ का?’ हे कृपया दर आठवड्याला विचारू नये.

- सातबाऱ्यावर इतर हक्कात जुन्या कुळाचे नाव अजून आहे. ते आधी निस्तरायला हवे. कुणाकडे जुने फेरफार असतील तर आणावेत, पिवळे पडलेले, कसर लागलेलेही चालतील.
- जमीन फक्त संशोधनासाठीच वापरावी, ही अट ठरावात असेल. काकूंचा शब्द तोच होता.
- मुंबईकरांनी लेखी मत शुक्रवारपर्यंत सचिवांकडे पाठवावे. फोनवरचा ‘हो’ धरला जाणार नाही.

‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती याच विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राच्या. काजूची कलमे कुठली लावायची, हे त्यांनाच ठरवू द्या.

चहा आहे. टोपी आणा, कातळ तापतो.

– सचिव