हंटिंग्टनच्या घरांसाठी मदत हवीय, या वेळी फक्त हात जोडू नका

मंडळी, हंटिंग्टन म्हणजे मेंदूचा आनुवंशिक आजार, हातपाय आपोआप हलतात, तोल जातो, गिळणंही अवघड होतं. त्या घरांसाठीच्या मागच्या आवाहनाला हात जोडलेले इमोजी ढिगाने आले, पैसे मात्र तिघांचेच. राग नाही, पण लागलं जरा, खरं सांगते.

आधी ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल. गिरगावच्या काकूंनी काका गेल्यावर त्यांची जाड गाद्या लावलेली खुर्ची मंडळाला दिली, ती आतापर्यंत चार घरं फिरलीय, तिचा डावा हात दोनदा तुटला तो लालबागच्या सुतारदादांनी एक पैसा न घेता बसवून दिला, वर "परत तुटला तर हाक मारा" म्हणून गेले. परळच्या ताई (नाव टाकलेलं आवडत नाही त्यांना) दर महिन्याला पाणी दाट करायची पावडर पाठवतात, ज्यांच्या घरी साध्या घोटालाही ठसका लागतो त्यांनाच कळेल ते काय असतं. आणि लोकलमध्ये आपल्या भाऊंना दारुडा समजून डबा अंगावर आला तेव्हा "अहो आजार आहे त्यांना" म्हणून जो कॉलेजचा पोरगा मध्ये पडला, तो आता दर रविवारी मदतीला येतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. या आजाराची जीन (आईबाबांकडून येणारा डीएनएचा तुकडा) चौथ्या क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रावर, आहे हे १९८३ ला कळलं, ते व्हेनेझुएलात माराकाइबो तलावाकाठच्या गरीब कुटुंबांनी रक्त दिलं म्हणून. अमेरिकेच्या संशोधक नॅन्सी वेक्सलर, ज्यांची आई याच आजाराने गेली, त्या वर्षानुवर्षं तिथे जाऊन वंशावळी लिहीत बसल्या. नेमकी जीन हाती लागायला आणखी दहा वर्षं गेली, १९९३. तिच्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं सलग ४० किंवा जास्त वेळा आली की आजार आज ना उद्या येतोच. आईला किंवा बाबांना असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. तेव्हा ते करणी, कुळाचा शाप आता बंद करा प्लीज.

आपल्या तीन घरांतली तरुण पोरं टेस्ट करायची का या विचारात आहेत. एकीचं लग्न ठरतंय, कप बशीत ठेवताना जरा वाजला की ती हाताकडेच बघत बसते. आधी काउन्सेलिंग, मग वाटलं तर टेस्ट, सक्ती कोणावर नाही. पण पैशासाठी अडू नये एवढंच.

यूपीआय चालेल, क्यूआर ग्रुपच्या फोटोत आहे (जुना वापरू नका, ते खातं बंद झालं), चेक मंडळाच्या नावाने खजिनदारकाकांकडे, रविवारी ते हॉलवर पाचपर्यंत असतात, पावती हवी तर पूर्ण नाव टाका, ८०जी (देणगीवरची करसवलत) अजून झालेलं नाही, फाईल पडून आहे. व्हीलचेअरही हवीय एक, कुणाच्या माळ्यावर असेल तर दादरपर्यंत आणून द्या, पुढचं आम्ही बघतो.

– सेक्रेटरी