ड्रायरजवळून हलू नका : सर्व ग्रूमर (कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या, केस कापणाऱ्या) सभासदांसाठी

नमस्कार मंडळी,

उन्हाळा तापलाय, म्हणून पुन्हा कळकळीने सांगते. कुत्रा पिंजऱ्यात ठेवून गरम ड्रायर लावायचा आणि आपण दुसरं गिऱ्हाईक घ्यायचं, हे कृपया बंद करा. पग, बुलडॉग यांचं नाक बसकं. धापा टाकून अंग थंड करणं त्यांना नीट जमत नाही. गेल्या आठवड्यात माझ्याच टेबलावर एका पगची जीभ जांभळट दिसू लागली. ड्रायर बंद केला, पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवले, पंखा लावला, तसाच उचलून डॉक्टरांकडे नेला. वाचला बिचारा. कुत्र्याचं शरीर एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं.

गळ्यात पट्टा अडकवून टेबलाकडे पाठ फिरवू नका, उडी मारली तर फास बसतो. केस कापायच्या मशीनचं ब्लेड तापलं का, हे मनगटाला लावून बघत जा. हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून भादरू नका, मालकाने कितीही आग्रह केला तरी. गोचीड, चट्टे, कानाला वास आढळला तर मालकाला सांगा. औषध आपण द्यायचं नाही.

पशुवैद्यांचा नंबर आजच ड्रायरशेजारच्या भिंतीवर चिकटवा.