कार्बोरेटरला आत्ताच हात लावू नकोस

कॉव्हेंट्री
रविवार

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. तुझी एमजीबी थंड असताना चोकवर छान चालते, पण गरम झाली की सिग्नलला आचके देते आणि बंद पडते. कधी उलट, मोटरवेवरून उतरल्यावर आरपीएमचा काटा १५०० च्या खाली यायलाच तयार नसतो. शेवटी लिहिलं आहेस, ‘शनिवारी दोन्ही कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून बघतो.’ ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ते स्क्रू आत्ता फिरवू नकोस रे.

आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल (कार्बोरेटरमधली हवेची झडप) जवळजवळ मिटलेलं असतं आणि इंजिन जेमतेम हवा-पेट्रोलवर तग धरून असतं. टॅपेट, ठिणगी, टायमिंग, एखादी चिरलेली नळी, काहीही थोडं बिघडलं की ते इथे दिसतं; ६० मैलांच्या वेगात तेच झाकलं जातं. अशात स्क्रू फिरवलेस तर मूळ दोष आहे तिथेच राहील आणि वर सेटिंगही हातचं जाईल. आधी टॅपेट, मग इग्निशन, मग हवेची गळती, आणि एसयू कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, मोजायला फिलर गेज ०.०१५ इंचाचं घे. नऊची बेरीज लक्षात ठेव: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला तपासायचा, सातवा उघडा असताना दुसरा. खडखडणाऱ्या टॅपेटपेक्षा मला आवाज न करणाऱ्या घट्ट टॅपेटची भीती जास्त वाटते. इंजिन तापलं की तो व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि गाडी नेमकी गरम झाल्यावरच बंद पडायला लागते. तुझं पहिलं लक्षण हेच आहे.

प्लग काढलेस की चारही क्रमाने मांडून ठेव, हे माझ्यासाठी कर. बी-सीरिज हेडमध्ये १ आणि २ नंबरच्या सिलिंडरांना हवा आत घ्यायला एकच पोर्ट आहे, ३ आणि ४ ला दुसरा; पुढचा कार्बोरेटर पहिल्या जोडीचा, मागचा दुसरीचा. १-२ दोन्ही काळे आणि ३-४ फिकट दिसले तर संशय पुढच्या कार्बोरेटरवर. पण जोडीतला एकच वेगळा दिसला तर कार्बोरेटर बहुधा निर्दोष. त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, वायर किंवा प्लग बघ. हे चार प्लग बघून जेवढं कळतं तेवढं तासभर स्क्रू फिरवून कळत नाही.

पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, व्हॅक्यूमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून स्ट्रोबच्या दिव्याने बघ: ६०० आरपीएमला १४ अंश. तुझी १९६७ ची मार्क वन मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. आधीच्या मालकाने बदल केला नसेल तर स्ट्रोबची लाल क्लिप बॉडीला लागेल. बॅटरी आधी तपास, क्लिपा मग लाव. आता ते १५०० चं. रेस देऊन सोड आणि स्ट्रोबच्या उजेडात पुलीवरची टायमिंगची खूण बघ. ती मूळ जागी परत येत नसेल तर डिस्ट्रिब्यूटरमधली वजनं अडकताहेत किंवा त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात. खूण नीट परतली तर थ्रॉटल पूर्ण मिटतंय का, आणि चोक आत ढकलल्यावर फास्ट आयडलचा स्क्रू कॅमपासून सुटा राहतो का, ते बघ.

मग गळती. तुझ्या मॅनिफोल्डवर स्मिथ्सचा ब्रीदर व्हॉल्व्ह असेल. गरम इंजिन आयडलिंगला असताना ऑइल फिलरचं झाकण काढ: आरपीएम साधारण २०० ने वाढला पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर तो व्हॉल्व्ह खोलून साफ कर, डायफ्रॅम फाटलाय का बघ. थ्रॉटल स्पिंडल हाताने हलवून बघ; एवढ्या जुन्या गाडीत तिथून हवा ओढली जाणं नेहमीचंच. लोक तिथे क्लीनरचा फवारा मारतात. तू मारू नकोस, एक्झॉस्ट अगदी खालीच तापलेला असतो. पाण्याचा बारीक फवारा पुरे.

हे सगळं नीट असेल तरच एसयू उघड. कार्बोरेटरमधला पिस्टन उचलून सोडला की ‘टक्’ वाजून बसला पाहिजे, डॅम्परमध्ये तेल हवं. मग इंजिन चालू ठेवून पिस्टन हलकेच, मिलिमीटरभरही नाही, उचल: आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडायला लागलं तर वीक (पेट्रोल कमी), क्षणभर वाढून परत आलं तर बरोबर. जेटचा षटकोनी नट एका वेळी एकाच बाजूइतका, म्हणजे एक षष्ठांश फेरा, फिरव. वर गेला की वीक, खाली आला की रिच.

पेट्रोल ई५ च (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) भर, ते सुपरमध्ये मिळतं. पंपावरचं साधं पेट्रोल २०२१ पासून ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे आणि जुन्या रबराच्या नळ्यांना ते सोसत नाही. त्या नळ्या तशाही बदलायलाच हव्यात.

सुहास, एमजीच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात घडलेली ही गाडी घरच्या हत्यारांनी दुरुस्त करता येते, म्हणून तर ती मला इतकी आवडते. फक्त तिला तिचा वेळ दे. शनिवारी टॅपेट आणि प्लग एवढंच कर. प्लगांचे फोटो नंबर टाकून पाठव. पुढचं फोनवर बोलू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनय