नासाडी फक्त मांडवात होत नाही

संपादक महोदय,

लग्नसराईतील अन्नाच्या नासाडीवरचा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. अर्धवट टाकलेल्या ताटांची चीड मलाही येते. पण सगळा दोष मंगल कार्यालयांवर आणि केटररवर टाकून घरच्या कचऱ्याच्या डब्याकडे डोळेझाक करणे मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतीय घरांसाठी त्यात दिलेला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी बसे, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा होई, वाटीभर वरण थालीपिठाच्या पिठात जाई. त्यात गरिबीची लाज नव्हती, आणि चवही होती. आता आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात पोळ्यांची चवडच्या चवड आणि न फोडलेली ब्रेडची पाकिटे दिसतात, तेव्हा पोटात तुटते. कणीक भिजवण्याआधी रात्री जेवायला कोण कोण आहे एवढे विचारायला वेळ लागत नाही; तरी बहुतेक घरांत ते विचारले जात नाही.

कार्यालयांना नियम जरूर लावा. मात्र पुढच्या लेखात घरच्या डब्याचाही हिशेब मांडावा, ही विनंती.

– एक गृहिणी, सातारा