डोळ्याचा पडदा तपासणाऱ्या यंत्राच्या अहवालाविषयी सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स. न. वि. वि.

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेला परिणाम कृत्रिम बुद्धिमत्तेला ओळखता येतो, याविषयी आता शंका उरलेली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली अशा प्रणालीला मान्यता दिली आणि मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनवरील कॅमेऱ्याने, इंटरनेटशिवाय केलेल्या तपासणीचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ही सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझी विनंती आहे ती यंत्राच्या अहवालाविषयी.

ज्या छायाचित्रावरून मधुमेहाच्या खुणा शोधल्या जातात, त्याच छायाचित्रात डोळ्याच्या नसेचे टोकही दिसत असते. काचबिंदूत त्या टोकाच्या मध्यावरचा खोलगट भाग वाढत जातो. कवटीच्या आतला दाब वाढला, तर नस सुजते. केवळ मधुमेहासाठी शिकवलेली प्रणाली यांपैकी काहीच पाहत नाही. ती ‘मधुमेहाचा परिणाम आढळला नाही’ एवढेच सांगते आणि रुग्ण मात्र डोळे उत्तम असल्याची खात्री बाळगून घरी जातो. काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही, म्हणून हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो.

सुजलेली नस छायाचित्रावरून ओळखणारी प्रणाली अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून तयार केली असून तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले आहेत. काचबिंदूचे निदान मात्र एका छायाचित्रावर पक्के करता येत नाही. डोळ्यातला दाब मोजावा लागतो, दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर समोर स्थिर ठेवून आजूबाजूचे किती दिसते ते, तपासावे लागते, आणि ती साधने जिल्ह्याच्या ठिकाणी तरी चालू स्थितीत असायला हवीत.

थायलंडच्या आरोग्य केंद्रांतील अनुभवही ध्यानात घ्यावा. तिथे मधुमेहाच्या अशाच तपासणीत एक पंचमांशाहून अधिक छायाचित्रे पुरेशी स्पष्ट नाहीत म्हणून यंत्राने नाकारली. आपल्याकडे वयस्कर रुग्णांत छायाचित्र धूसर येण्यामागे अनेकदा मोतीबिंदूच असतो. अशा रुग्णाला ‘पुन्हा या’ असे न सांगता त्याच दिवशी नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे पाठवले पाहिजे.

तेव्हा खरेदीच्या निविदेतच अशी अट घालावी की, कोणते आजार तपासले आणि कोणते तपासले नाहीत, हे रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर ठळक, सोप्या मराठीत छापलेले असेल आणि नसेविषयी शंका आलेल्या प्रत्येक रुग्णाला उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातील तपासणीची तारीख तिथेच दिली जाईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी