वारसदार नंतर शोधा, आधी सहीचं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सामाजिक संस्थांमध्ये संस्थापकांनंतर कोण, हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकांनी मेहनत घेतलीय, मान्य. पण सगळा लेख व्हिजन, मूल्यं, दुसरी फळी, मेंटॉरिंग यातच संपला आणि बँकेत सही कोणाची चालणार यावर एक ओळ नाही. तालुक्यातल्या छोट्या संस्था व्हिजन नाही म्हणून बंद पडत नाहीत हो, चेकवर सही करायला माणूस नाही म्हणून पडतात.

मी ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम बघते. संस्था सरांनी उभी केली, त्यांच्याबद्दल आदर आहे आणि राहणार. पण सर अचानक गेले तेव्हा कळलं की खात्यावर सह्या दोघांच्याच, एक सरांची आणि एक खजिनदारांची, आणि खजिनदार तर त्याआधीच वारलेले. त्यांच्या जागी नवीन माणूस घेतल्याचा ठराव प्रोसिडिंग बुकात आहे, सूचक-अनुमोदकासकट, पण त्याचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कधी गेलाच नाही. 1950 च्या ट्रस्ट कायद्यात, कलम 22 मध्ये, 90 दिवसांची मुदत स्पष्ट लिहिलीय. आम्ही विषय काढला की सर म्हणायचे, करू की, मी आहे ना अजून. बँकेचे मॅनेजर म्हणाले शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादायकडच्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा आणा, त्यावर नाव असेल त्याचीच सही घेऊ, आणि उतारा काढला तर त्यावर निम्मी नावं गेलेल्या माणसांची.

उरलेल्या विश्वस्तांनी मिळून नवा चेंज रिपोर्ट टाकला तर सरांच्या पुतण्याने हरकत घेतली, आणि एकदा हरकत आली की तारखांवर तारखा. खात्यात पैसे होते, लोकांनी मुलींच्या जेवणासाठीच दिलेले, आणि मी किराणावाल्याकडे उधारी वाढवून मागत होते. आयकर सवलतीसाठी लागणाऱ्या 12ए नोंदणीचं नूतनीकरण करायला बसलो तर ओटीपी सरांच्या मोबाइलवर, आणि ते सिम घरच्यांनी कधीच बंद केलेलं. तोवर हंगाम सुरू झाला. वसतिगृह चालेल की नाही याची खात्री नाही म्हटल्यावर काही आईबापांनी मुलींना सोबत फडावर नेलं, त्यातली एक दहावीला होती. हे मी विसरू शकत नाही आणि याला नशीब म्हणायची माझी तयारी नाही, कारण सरांनी जिवंतपणी दोन कागदांवर सह्या केल्या असत्या तर ती पोरगी परीक्षेला बसली असती.

आणि मोठा माणूस गेला की संस्था बसणारच असं काही नसतं. गोखल्यांनी 1905 साली भारत सेवक समाज काढला, 1915 ला वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी ते गेले, पुढे श्रीनिवास शास्त्र्यांनी समाज चालवला. मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेत माधव चव्हाणांनंतर 2015 ला रुक्मिणी बॅनर्जी सीईओ झाल्या, तेही संस्थापक हयात असताना. आमच्याकडे मात्र उत्तराधिकाऱ्याचं नाव काढलं की सरांच्या मरणावर टपलेत असा अर्थ काढतात.

यात तुम्हा पेपरवाल्यांचाही हात आहे. बातमी असो, मुलाखत असो, फोटो संस्थापकाचाच. वीस-वीस वर्षं हिशोब लिहिणारी, स्वयंपाकघर सांभाळणारी माणसं गावालासुद्धा माहीत होत नाहीत, मग उद्या त्यांच्या हातात संस्था दिली तर देणगीदार कसा विश्वास ठेवणार? पुढचा लेख छापाल तेव्हा चेंज रिपोर्ट कसा भरायचा, शेड्यूल वन कसं तपासायचं, खात्यावर तिसरी सही कशी वाढवायची एवढं तरी चौकटीत द्या.

आणखी एक, आमच्याकडे रविवारची पुरवणी सोमवारी येते, तीही एजंटच्या मागे लागल्यावर. पैसे सात दिवसांचे घेता, तेवढं बघा.

आपली,
एक विश्वस्त, जि. बीड
(कृपया नाव छापू नये)